टायरला गेज, बलूनला टेप: रात्रीतून एका बाजूला बसणाऱ्या बसचा दोष कसा शोधायचा

"मिस्त्री, गाडी पुन्हा बसली." हिवाळ्यात पहाटे साडेपाचला फोन वाजला की हेच ऐकायला मिळणार, हे मला ठाऊक असायचं. रात्री सरळ उभी केलेली बारा मीटरची एअर सस्पेन्शनची, म्हणजे लोखंडी पाट्यांऐवजी हवा भरलेल्या रबरी उशांवर तोललेली बस सकाळी डाव्या अंगाला झुकलेली असायची. इंजिन सुरू केलं की सात-आठ मिनिटांत उठायची. मग नागपूरहून समृद्धी महामार्गाने छत्रपती संभाजीनगर, पुढे पुणे, दिवसभर काही तक्रार नाही. मुक्कामाला थांबली की पुन्हा तेच.

या एका गाडीला आम्ही दहा महिन्यांत तीन बलून (याच हवेच्या उशा) आणि दोन लेव्हलिंग व्हॉल्व्ह (बॉडीची उंची सांभाळणाऱ्या झडपा) बसवले. त्यातले तिन्ही बलून विनाकारण बदलले गेले होते. व्हॉल्व्ह खरोखर खराब होते, पण ते कशामुळे खराब होतात हे आम्ही पाहिलंच नव्हतं. मालकाचे पैसे गेले, गाडीच्या फेऱ्या बुडाल्या आणि चूक आमची होती. तीच चूक दुसऱ्या गॅरेजमध्ये होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो. आमची बस पुढे दोन आणि मागे चार बलूनची आहे. ट्रेलर किंवा वेगळ्या बनावटीची बस असेल तर पाइपांची जोडणी थोडी वेगळी असेल, शोधायची रीत तीच राहील.

आधी जिवाचं बोलतो. फक्त हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली जाऊ नका. चाकाच्या कमानीत डोकं किंवा हात घालू नका. बलून फुटला, पाइप निसटला किंवा कुणी व्हॉल्व्हची दांडी हलवली, तर कित्येक टनांची बॉडी क्षणात खाली येते आणि टायर व कमान यांच्यात माणसाला जागा उरत नाही. चाकांना ओट म्हणजे अडकवायचे ठोकळे लावा, चेसीखाली वजन पेलणारे स्टँड लावा, मगच खाली जा. जॅक म्हणजे स्टँड नव्हे. आमच्याकडे नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या आठवड्यात त्याला पाना देत नाही, फक्त स्टँड कुठे लावायचे ते शिकवतो.

आता मुख्य गोष्ट. टायर आणि बलून एकाच घराण्यातले. रबर, आत दोऱ्याचे थर, कडेला बीड म्हणजे घट्ट धरून ठेवणारा जाड काठ, आणि पोटात दाबलेली हवा. दोन्हींत वजन हवा पेलते, रबर आणि दोरे तिला फक्त धरून ठेवतात. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं. रबर लावलेल्या कापडाची नळी आणि वरून चामड्याचं कवच, अशी त्याची रचना होती. रबराची नाजूक नळी घोडागाडीचं वजन पेलू शकते हे लोकांना पटण्यासारखं नव्हतं आणि ते चाक मागे पडलं. बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने १८८७ मध्ये मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधली, पुढच्या वर्षी पेटंटही घेतलं. थॉमसनचं जुनं पेटंट समोर आल्यावर डनलॉपचं पेटंट टिकलं नाही, पण सायकलींमुळे हवेचं चाक जगभर गेलं. तीच हवेची उशी चाकातून काढून अॅक्सल आणि चेसीच्या मध्ये ठेवली की झाला बलून.

घराणं एक असलं तरी दोघांचं वागणं एका बाबतीत उलट आहे आणि आमची फसगत तिथेच झाली. टायरचा आकार जवळजवळ ठरलेला असतो. हवा कमी झाली की दाब पडतो, आणि तो गेजवर दिसतो. बलूनवर मात्र बॉडीचं वजन सतत बसलेलं असतं. थोडी हवा निघून गेली की बॉडी तेवढी खाली येते, उरलेली हवा कमी जागेत मावते आणि दाब होता तेवढाच राहतो. वजन बदललं नाही तर दाब तरी का बदलेल? म्हणजे बलूनच्या पाइपला गेज लावून रात्रभर बघत बसलात, तर बस चार बोटं खाली आली तरी काटा जवळजवळ जागचा हलणार नाही. आतल्या रबरी ठोकळ्यावर बॉडी टेकली की मगच तो धाडकन पडायला लागतो. आम्ही पहिल्या खेपेला हेच केलं. सकाळी गेज ठीक दिसलं म्हणून "मागचा डावा बलून चांगला, पुढचा बघा" असं मीच सांगितलं आणि पुढचा नवाकोरा बलून बसवला. फरक शून्य.

म्हणून टायरला गेज लावा आणि बलूनला टेप लावा.

टेपने मोजायची पद्धत अशी. सपाट काँक्रीटवर गाडी उभी करा, हवा पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा. चारही कोपऱ्यांत हबच्या मध्यापासून चाकाच्या कमानीच्या कडेपर्यंत उभं अंतर मोजा. कमानीवर खडूने खूण करा, म्हणजे सकाळी टेप त्याच जागी लागेल. आकडे तिथेच खडूने लिहून ठेवा. मोजताना हात कमानीबाहेर ठेवा.

आमच्या बसचे एका रात्रीचे आकडे देतो. रात्री साडेनऊला मागे दोन्ही बाजूंना ४८.५ सेंटिमीटर, पुढे दोन्ही बाजूंना ५०. सकाळी सहाला मागे डावीकडे ३९, मागे उजवीकडे ४६.५. पुढे डावीकडे ४५.५ आणि पुढे उजवीकडे ५१.

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. पुढची उजवी बाजू रात्रीतून एक सेंटिमीटर वर गेली होती. इंजिन बंद आणि हवा भरणारं कुणी नाही, तरी वर गेली. यावर आमचा हेल्पर पोरगा बराच वेळ डोकं खाजवत बसला होता. त्याचं उत्तर पाइपांच्या जोडणीत आहे. बहुतेक बसमध्ये तीन लेव्हलिंग व्हॉल्व्ह असतात, मागे डाव्या-उजव्या बाजूला एकेक आणि पुढच्या दोन्ही बलूनना मिळून एक. (काही गाड्यांत पुढे दोन आणि मागे एक असतो. आपल्या गाडीत काय आहे ते खाली वाकून मोजा, अंदाज नको.) तिपाई कधी डगमगत नाही, चौपाई डगमगते, तोच हिशोब इथे आहे. पुढचे दोन्ही बलून एकमेकांना जोडलेले असल्यामुळे पुढच्या भागाला डावं-उजवं सावरायची ताकद फार नसते. बॉडीचा कल मागची जोडी ठरवते. मागची डावी बाजू बसली की अख्खी बॉडी डावीकडे झुकते, पुढच्या डाव्या बलूनमधली हवा पाइपातून उजव्यात ढकलली जाते आणि उजवी बाजू वर उचलते. दारापाशी उभं राहून बघणाऱ्याला पुढचा डावा कोपरा बसलेला दिसतो आणि बिचारा पुढचा बलून बदलला जातो. तीन व्हॉल्व्हच्या गाडीत पुढचा एकच बलून गळत असेल तर पुढच्या दोन्ही बाजू मिळून खाली येतील, कारण हवा दोघांची सामाईक आहे. हे एकदा डोक्यात बसलं की चार आकड्यांवरूनच निम्मं निदान होतं.

आमच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. मागची उजवी बाजू दोन सेंटिमीटर उतरली, पण तिच्यात गळती नव्हती. ती थंडी होती. दिवसभर धावून आलेल्या गाडीच्या बलूनमधली हवा ४० अंशांवर असेल आणि पहाटे नागपूरच्या थंडीत १२ अंशांवर आली, तर दाब तोच राहून तिचं आकारमान साधारण नऊ टक्क्यांनी घटतं. हवेचा खांब २५ सेंटिमीटरच्या आसपास धरला तर उंची दोनेक सेंटिमीटर कमी होणारच. हिवाळ्यात दोन्ही बाजू सारख्या दोन सेंटिमीटर उतरत असतील तर गाडीला हात लावू नका. मे महिन्यात तीच गाडी तितकी उतरणार नाही. "उन्हाळ्यात आपोआप बरी झाली" असं म्हणणारे मालक भेटतात, त्यामागचं कारण हे आहे.

आता मागची डावी बाजू. त्या बाजूला दोन बलून, त्यांना जोडणारा पाइप, त्यांचे फिटिंग आणि एक लेव्हलिंग व्हॉल्व्ह. हवा यांतल्या कुठून जाते? प्रथम साबणाचं पाणी. भांडी घासायच्या लिक्विडचा पातळ फेस करा. कपड्याच्या पावडरीतला सोडा धातूला चांगला नाही, ती नको. गाडी स्टँडवर घेऊन, हवा भरलेली असताना बलूनच्या वरच्या प्लेटची कड, खालच्या पिस्टनपाशी (बलूनचा खालचा पाया) जिथे रबर वळतं ती घडी, फिटिंग आणि व्हॉल्व्हचं हवा सोडायचं तोंड, सगळीकडे ब्रशने फेस लावा आणि निवांत बघा. रात्रभरात गाडी बसवणारी गळती फुसफुसत नाही. तिचा बुडबुडा मोहरीएवढा येतो, हळूहळू वाटाण्याएवढा होतो आणि फुटतो. तो दिसायला दोन-तीन मिनिटं एकाच जागी बॅटरी धरून बसावं लागतं.

फेसाने कळलं नाही तर विभागणी करा. हवा पूर्ण सोडून, बॉडी स्टँडवर टेकवून, व्हॉल्व्हकडून बलूनकडे जाणाऱ्या पाइपात एक छोटा कॉक बसवा. नायलॉनचा पाइप कापताना धारदार कटर वापरा आणि काटकोनात कापा. हॅक्सॉने कापलेल्या तिरक्या, खडबडीत टोकाला दाबून बसवायचं फिटिंग कधीच नीट धरत नाही, आणि दोष शोधता शोधता नवा दोष तयार होतो. मग हवा भरून गाडी नेहमीच्या उंचीवर आणा, कॉक बंद करा, उंची मोजा, स्टँड बॉडीखाली दोन-चार बोटं अंतर सोडून राहू द्या आणि रात्र जाऊ द्या. सकाळी ती बाजू बसलेली असेल तर हवा कॉकच्या पलीकडून, म्हणजे बलूनमधून किंवा त्याच्या फिटिंगमधून गेली. उभी असेल तर बलून निर्दोष आहे आणि व्हॉल्व्ह चोर आहे. गाडी रस्त्यावर काढण्याआधी कॉक काढून टाका. तो चुकून बंद राहिला तर त्या बाजूची उंची सांभाळणारं कुणीच राहणार नाही.

आमची गाडी उभी राहिली. म्हणजे त्याआधी मागच्या डाव्या बाजूचे बदललेले दोन्ही बलूनही फुकट गेले होते.

चारही बाजू सारख्या आणि भरपूर बसत असतील, सोबत डॅशबोर्डवरचा हवेच्या टाकीचा काटाही पडलेला असेल, तर वेगळा विचार करा. टाकीतली हवा संपल्यावर बलूनमधली हवा उलटी टाकीकडे जाऊ नये म्हणून वाटेत एकतर्फी झडप असते. तिच्यात कचरा अडकला की टाकीची गळती बलूनची गळती होते. तिथे बलून शोधत बसू नका, टाकी आणि ब्रेकच्या लाइन बघा.

लेव्हलिंग व्हॉल्व्ह म्हणजे चेसीवर बसवलेला छोटा डबा, त्याला आडवा हात आणि त्या हाताला अॅक्सलशी जोडणारी उभी दांडी. प्रवासी चढले, बॉडी खाली आली की हात वर ढकलला जातो आणि बलूनमध्ये हवा जाते. प्रवासी उतरले की हात खाली येतो, हवा बाहेर सुटते. बसस्टँडवर गर्दी उतरताना ऐकू येणारा "सूं" हा आवाज त्याचा, तो दोष नव्हे. मधल्या जागी हात असताना दोन्ही वाटा बंद. आमच्या व्हॉल्व्हचा हात बरोबर मध्यावर होता आणि हवा सोडायच्या तोंडाशी मोहरीएवढा बुडबुडा येत होता. नवा व्हॉल्व्ह लावला, गाडी सरळ उभी राहिली, सगळ्यांनी चहा घेतला. अकरा आठवड्यांनी पुन्हा पहाटेचा फोन.

खरा प्रश्न इथून सुरू झाला. नवा व्हॉल्व्ह अकरा आठवड्यांत का जावा? आम्ही तो खोलला. आतल्या रबरी सीटवर दूध जास्त झालेल्या कॉफीसारखा चिकट लगदा होता. बोटाला लावून बघितला तर तेल आणि पाणी फेटल्यासारखं. मग टाकीखालची ड्रेनची कडी ओढली. तोच रंग, ग्लासभर पाणी. चालक मामांना विचारलं, टाकीतलं पाणी कधी काढता? ते म्हणाले, "या गाडीला ड्रायर आहे ना, काढायची गरज नाही असं सांगितलं होतं." ड्रायर म्हणजे हवेतलं पाणी शोषणारा डबा. त्याचं कार्ट्रिज काढून बघितलं तर त्यावरची तारीख तीन वर्षांपूर्वीची होती. आतले पांढरे दाणे तेलाने तपकिरी झालेले आणि खाली भुकटी.

पाणी येतं कुठून? हवेतूनच. पावसाळ्यातल्या ३० अंशांच्या दमट हवेत एका घनमीटरला साधारण २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. ही हवा कॉम्प्रेसरने नवव्या हिश्शाच्या जागेत कोंबली आणि ती पुन्हा थंड झाली की त्या जागेत तीन-साडेतीन ग्रॅम वाफ मावते. उरलेलं वीसेक ग्रॅम पाणी होऊन खाली बसतं. एका घनमीटरमागे चार चमचे, आणि कॉम्प्रेसर दिवसाला कितीतरी घनमीटर हवा ओढतो. हे पाणी अडवणं ड्रायरचं काम. त्यातले दाणे ओलावा शोषतात आणि टाकी भरून कॉम्प्रेसरचा भार उतरला की थोडी कोरडी हवा उलटी फिरून दाण्यांतला ओलावा बाहेर फेकते. तो "फस्स" आवाज म्हणजे दाणे वाळत घालणं आहे. कॉम्प्रेसरला उसंतच मिळाली नाही तर दाणे वाळणार कधी?

आता सगळी साखळी जुळवून बघा. व्हॉल्व्ह थोडा गळतो, म्हणून कॉम्प्रेसर जास्त चालतो. जास्त चालून तापतो आणि हवेसोबत तेल फेकतो. तेलाने ड्रायरचे दाणे माखतात, उसंत नसल्याने ते वाळतही नाहीत. पाणी आणि तेल पुढे टाकीत आणि व्हॉल्व्हमध्ये जातं. नव्या व्हॉल्व्हची सीट खराब होते, तोही गळायला लागतो. आपण त्या फेऱ्यातला एक तुकडा बदलतो आणि फेरा चालूच राहतो. आमचे दोन व्हॉल्व्ह असे गेले.

याची चाचणी पाच मिनिटांची आहे. गाडी उभी, टाकी पूर्ण भरलेली, इंजिन सुरू, ब्रेकला पाय नाही, दारं बंद. ड्रायरच्या दोन "फस्स"मधला वेळ घड्याळात मोजा. काहीच हवा वापरत नसताना दर दीड-दोन मिनिटांनी ड्रायर हवा सोडत असेल तर कुठेतरी गळती आहे आणि कॉम्प्रेसर फुकट राबतो आहे. दुरुस्तीआधी आमच्या गाडीचा वेळ होता एक मिनिट चाळीस सेकंद.

शेवटी काम केलं ते असं. कॉम्प्रेसरची डिलिव्हरी लाइन (दाबलेली हवा बाहेर नेणारा पाइप) काढून आतला कार्बन साफ केला, ती जवळजवळ निम्मी बुजली होती. कॉम्प्रेसरच्या रिंग बदलल्या. ड्रायरचं कार्ट्रिज नवीन, तेही तेल अडवणाऱ्या प्रकारचं. सगळ्या टाक्या खोलून कोरड्या केल्या, पाइप फुंकून काढले. आणि सगळ्यात शेवटी तिसरा लेव्हलिंग व्हॉल्व्ह. हा क्रम महत्त्वाचा आहे. व्हॉल्व्ह आधी बसवून मग पाइप साफ केलेत तर सगळी घाण त्याच्याच पोटात जाईल. कार्ट्रिज आता दरवर्षी पावसाळ्याआधी बदलतो आणि ड्रायर असो नसो, टाकीची कडी रोज संध्याकाळी ओढतो. कडी ओढल्यावर तळहातावर कोरडी हवा लागली पाहिजे. ओल लागली तर कार्ट्रिजने मान टाकली.

या त्रासातून खुद्द अमेरिकन मोटार कंपन्याही गेल्या आहेत, हे वाचून मला धीर आला होता. जनरल मोटर्सने १९५३ मध्ये प्रवासी बसला एअर सस्पेन्शन दिलं आणि बसमध्ये ते रुजलं. तिथे ब्रेकसाठी मोठा कॉम्प्रेसर आणि टाक्या आधीपासून होत्या, रोज बघणारा मेकॅनिक होता. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉहम या महागड्या मोटारीतही त्यांनी ते बसवलं. गळतीला कंटाळून पुष्कळ मालकांनी ते काढून साध्या कॉइल स्प्रिंग बसवून घेतल्या. कल्पना दोन्हीकडे एकच होती. माझ्या मते बलूनइतकंच श्रेय कोरड्या हवेला आणि रोजच्या देखभालीला आहे, पण ड्रायरकडे कुणी बघत नाही.

एवढी कटकट तर पाटेच काय वाईट, असं मला अनेक मालक विचारतात. पाट्यांची ताकद ठरलेली असते. भरलेल्या गाडीसाठी बनवले की रिकामी गाडी दगडासारखी आदळते. बलूनमध्ये वजन वाढलं की व्हॉल्व्ह दाब वाढवतो, उंची तीच राहते आणि त्याच प्रमाणात स्प्रिंगही कडक होते. म्हणून रिकामी असो की भरलेली, गाडी जवळजवळ त्याच संथ लयीत झुलते. बावन्न प्रवाशांची झोप आणि बॉडीचे वेल्डिंग दोन्ही वाचतात. पण पाटे एक काम फुकटात करायचे जे बलून करू शकत नाही. पाटे अॅक्सलला जागेवर धरून ठेवायचे. बलूनच्या गाडीत ते काम टॉर्क रॉड (अॅक्सलला चेसीशी जोडणारे दांडे) करतात आणि त्यांचे बुश (टोकाचे रबरी सांधे) झिजले की अॅक्सल आडवी-तिडवी सरकते.

ज्यांचा बलून खरोखर फाटतो, आणि नवा बसवला तरी वर्षाच्या आत पुन्हा फाटतो, त्यांनी आधी हे बुश बघावेत. फाटलेला बलून भंगारात टाकू नका, तो वाचायला शिका. एकाच बाजूने घासून दोरे उघडे पडले असतील तर अॅक्सल सरकली आहे किंवा आतला टायर लागतो आहे. रबर वरच्या प्लेटपासून ओढून सुटलं असेल तर बलून गरजेपेक्षा जास्त ताणला गेला. तिथे शॉक अॅब्सॉर्बर तपासा, कारण पुष्कळ गाड्यांत चाक खाली लोंबकळताना त्याला अडवणारा तोच असतो. खालच्या घडीत गोल भोकं असतील तर पिस्टनच्या खांद्यावर खडी आणि वाळलेला चिखल साचून रबर दळलं गेलं आहे, धुताना तिथे पाण्याचा झोत मारा. रबर फुगून चिकट झालं असेल तर वरून डिझेल किंवा तेल ठिबकतं आहे. आणि आतून चिमटा बसल्यासारखी चीर असेल तर चालकाने गाडी पूर्ण उठण्याआधी हलवली. हवा आधी ब्रेकला जाते, मग सस्पेन्शनला. त्यामुळे ब्रेकचा दिवा गेला तरी गाडी उठायला वेळ लागतो. घाईत निघालेली बस पहिले दोन खड्डे रबरी ठोकळ्यावरच खाते.

व्हॉल्व्हच्या उभ्या दांडीची लांबीही बघा. कुणीतरी "गाडी थोडी वर घ्या" म्हणून एका बाजूची दांडी वाढवलेली असते. मग गाडी कायम तिरकी, आणि टायर कारण नसताना झिजतात.

टायरवरून आठवलं. याच बसचा मागचा डावा बाहेरचा टायर समृद्धीवर दोनदा फुटला होता आणि टायरवाल्याने खराब माल म्हणून हात झटकले होते. कारण आतल्या टायरमध्ये होतं. जोडीतला आतला टायर तपासायला कटकट, म्हणून चालक लोखंडी दांड्याने ठोकून आवाजावरून "टाइट आहे" म्हणतात. पूर्ण बसलेला टायर आवाजावरून कळतो, वीस टक्के कमी असलेला कळत नाही, मी स्वतः करून बघितलं आहे. आतल्याच्या व्हॉल्व्हला लावलेल्या लांब नळीचं तोंड सैल होतं. तो हळूहळू रिकामा व्हायचा, त्याचं वजन बाहेरच्यावर यायचं आणि चांगला टायर तापून फुटायचा. एरवी बाहेरचा फुटला की आतल्याकडे कोण बघतं? ७०१ किलोमीटरच्या त्या काँक्रीटच्या रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने धावताना टायरला निवायला सवड मिळत नाही, म्हणून जी चूक जुन्या रस्त्यावर खपून जायची ती तिथे खपत नाही.

इथे गेज लावायचं आणि सकाळी थंड टायरलाच लावायचं. २७ अंशांवर ११६ पीएसआय असलेला टायर धावून आतली हवा ६७ अंशांवर गेली की गेज १३३ दाखवणार. ढाब्यावर ते बघून हवा सोडू नका. सोडलीत तर तोच टायर सकाळी शंभरच्या आसपास असेल, उद्या जास्त दबेल, जास्त तापेल. आणि गाडीच्या टाकीवरून टायर भरत असाल तर ड्रायरची घाण टायरमध्येही जाते, हेही लक्षात असू द्या. आमच्या त्या टायरची रिम आतून लाल झाली होती.

त्या बसला आता चौदा महिने झाले. दोन "फस्स"मधला वेळ नऊ मिनिटांच्या पुढे आहे. कमानीवरच्या खडूच्या खुणा धुण्यात जायच्या, म्हणून मामांनीच तिथे पांढऱ्या रंगाची रेघ ओढून घेतली. मुक्कामाच्या सकाळी ते आता टेप लावून आकडे कळवतात. आज सकाळी पुढे ४९ आणि ४९, मागे ४७ आणि ४६.५ होते. मागच्या उजवीकडचा अर्धा सेंटिमीटरचा फरक तीन दिवस तसाच येतो आहे, म्हणून परवा गाडी आली की त्या बाजूच्या फिटिंगना फेस लावून बघणार आहे.